टीव्हीच्या मनोऱ्यावरून डेटा विकता येईल का? प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२४

२३ जानेवारी, पुणे

काम हातात आलं. ग्राहक म्हणजे भाऊ, नाशिककडचे, द्राक्षाच्या निर्यातीत हात बसलेले. आता थोडा पैसा तंत्रज्ञानात घालायचा विचार आहे. गेल्या आठवड्यात माहिती व प्रसारण सचिवांनी ‘डायरेक्ट टू मोबाइल’च्या, म्हणजे इंटरनेटविना मनोऱ्यावरून थेट फोनवर प्रक्षेपणाच्या, चाचण्या १९ शहरांत घेणार असल्याचं जाहीर केलं. ४७० ते ५८२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा त्यासाठी राखून ठेवण्याची भाषाही झाली. दुसऱ्याच दिवशी भाऊंचा फोन. त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: “मनोऱ्यावरून सिनेमा नाही, नुसता डेटा सोडला, तर त्याचे पैसे कोण देईल?”

तंत्र चालतं हे वीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय, त्यावर वेळ घालवायचा नाही. अहवाल फक्त पैशाबद्दल. मुदत मार्चअखेर.

२९ जानेवारी

भाऊंचा पुतण्या एमबीए आहे, सगळा पत्रव्यवहार त्याच्यामार्फत. त्याच्यासाठी एक पानी टिपण लिहिलं. मुद्दे इथेही टिपून ठेवतो.

डिजिटल टीव्हीच्या प्रवाहात १८८ बाइटची पाकिटं एकामागोमाग एक धावतात. प्रक्षेपकाला ठरलेला वेग अखंड पुरवावा लागतो. चित्र आणि आवाजाला तेवढी पाकिटं लागली नाहीत, तर मल्टिप्लेक्सर, म्हणजे पाकिटं एका प्रवाहात गुंफणारं यंत्र, उरलेल्या जागी रिकामी पाकिटं भरतो. त्यांचा ओळख क्रमांक ८१९१, आणि रिसीव्हर ती सरळ फेकून देतो. या रिकाम्या पाकिटांच्या जागी आपला डेटा भरला, तर प्रक्षेपणाचा खर्च एका पैशानेही वाढत नाही. सगळ्या गुंतवणूकदारांना मोह पडतो तो इथे.

जागा किती? अमेरिकेच्या पहिल्या पिढीच्या एटीएससी मानकात एका वाहिनीवर सेकंदाला १९.३९ मेगाबिट, ब्रिटनच्या डीव्हीबी-टी मानकात साधारण २४, त्याच्याच पुढच्या पिढीत, डीव्हीबी-टी२ मध्ये, ४०. यातला फक्त एक मेगाबिट वेगळा काढला, तरी दिवसाला १०.८ जीबी होतात. रात्री वाहिन्या निजलेल्या असताना पाच तास दहा मेगाबिट मिळाले, तर साडेबावीस जीबी. आणि ऐकणारे दहा असोत की दहा लाख, पाठवण्याचा खर्च तोच.

अडचण परतीच्या रस्त्याची. रिसीव्हर ‘मला हे पाकीट मिळालं नाही’ असं सांगू शकत नाही. म्हणून सगळ्या फाइली चक्राकार पुन्हा पुन्हा पाठवायच्या, ज्याला कॅरूसेल म्हणतात. एसटीसारखंच आहे: चुकली की पुढची येईपर्यंत फाट्यावर उभं राहायचं. दोन एमबीचा गठ्ठा सेकंदाला २०० किलोबिटने सोडला, तर एक फेरी ८० सेकंदांची. गठ्ठा वाढला की फेरी लांबते. मोठ्या फाइलींसाठी जादा दुरुस्ती-पाकिटं जोडतात, म्हणजे काही हरवली तरी उरलेल्यांवरून फाइल पुन्हा उभी राहते. ते सगळं आता तयार मिळतं.

पुतण्याचं उत्तर लगेच आलं: “म्हणजे फुकट जागा आहे, सर!” जागा फुकट आहे हे खरंच. हाच मुद्दा २००० साली अमेरिकेत बऱ्याच जणांना पटला होता.

२ फेब्रुवारी

अमेरिकेची फाइल. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने टीव्ही स्थानकांना डिजिटलसाठी जादा वाहिनी दिली. उरलेल्या जागेतून त्यांनी डेटा विकला, तर सरकारला हिस्सा मिळावा म्हणून १९९८ मध्ये एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के शुल्क ठरवलं. डेटाचा धंदा होणारच, असं सरकारनेही धरलं होतं, हे यावरून दिसतं. २००० मध्ये आयब्लास्ट नावाचा संघ उभा राहिला, त्यात ट्रिब्यून, गॅनेट, कॉक्ससारखे मोठे स्थानकमालक होते. देशभर मनोरे आणि घराघरापर्यंत सिग्नल त्यांच्याकडे होताच. एकाच्याही घरात रिसीव्हर मात्र नव्हता. त्याच जातकुळीची जिओकास्ट २००१ मध्ये बंद पडली, आयब्लास्टही विरून गेला.

डिस्नेची मूव्हीबीम जास्त हुशार होती. त्यांनी डबा, म्हणजे रिसीव्हर, स्वतः दिला. डब्यात १०० सिनेमे साठवलेले, दर आठवड्याला टीव्हीच्या लहरींवरून नवे उतरायचे, ग्राहकाने भाड्याने घेऊन पाहायचे. २००३ मध्ये तीन शहरांत सुरुवात, मग पुन्हा नव्याने बाजारात, विक्री आणि डिसेंबर २००७ मध्ये शेवट. डबा आणि सिनेमा दोन्हींचे पैसे त्याच माणसाकडून मागितले, आणि त्याच्या कोपऱ्यावर व्हिडिओचं दुकान होतं.

सार्वजनिक वाहिन्यांच्या नॅशनल डेटाकास्ट कंपनीचं एक काम मात्र मला आवडलं: टीव्ही संचांचं सॉफ्टवेअर लहरींवरून अद्ययावत करणं. पैसे संच बनवणारा देतो, रिसीव्हर म्हणजे तो संचच. घरमालकाला पत्ताही नसतो. रक्कम लहान असली तरी कुणाला काही विकायला दारोदार जावं लागलं नाही.

डिसेंबर २०२० मध्ये एफसीसीने सार्वजनिक स्थानकांच्या शैक्षणिक डेटासाठी ते शुल्क ५ वरून अडीच टक्क्यांवर आणलं. वीस वर्षांत तिजोरीत नगण्यच आलं असेल, तर दर निम्मा करायला कोण हरकत घेणार?

६ फेब्रुवारी

ऑस्ट्रेलिया. आज दिवसभर हेच, कारण आपल्याकडचा कायदा कुठल्या अंगाने जाऊ शकतो याची चुणूक इथे दिसते.

१ जानेवारी २००१ ला तिथल्या पाच मोठ्या शहरांत डिजिटल टीव्ही सुरू झाला. जुन्या व्यापारी वाहिन्यांना २००६ अखेरपर्यंत नवा स्पर्धक येणार नाही, असं अभय होतं. वृत्तपत्रवाल्यांना, म्हणजे फेअरफॅक्स आणि न्यूज यांना, आत यायचं होतं. सरकारने मधला मार्ग काढला. २००० च्या दुरुस्ती कायद्यात ‘डेटाकास्टिंग’ हा परवान्याचा वेगळाच वर्ग निर्माण केला. पण डेटाच्या नावाखाली कुणी मागच्या दाराने टीव्ही सुरू करू नये म्हणून बंधनं इतकी घातली, की नाटक नाही, खेळ नाही, करमणूक नाही, चित्रफिती साधारण दहा मिनिटांच्या आतल्या. त्यांच्याच उत्पादकता आयोगाने मार्च २००० मध्ये या कुंपणावर कडक टीका केली होती. सरकारने ती ऐकून घेतली आणि कुंपण तसंच ठेवलं.

लिलाव २००१ मध्ये ठरला. इच्छुक एकेक करून मागे फिरले आणि मे महिन्यात मंत्री रिचर्ड ॲल्स्टन यांनी लिलावच रद्द केला. पुढे २००४ ते २०१० सिडनीत वाहिनी ४४ वर डेटाकास्टिंगचा प्रयोग चालला. त्यावर संसदेचं कामकाज, हवामान, घरबसल्या खरेदी असं मिळायचं. प्रयोगाची मुदत संपली तशी तो थांबला.

सहकारी मॅडमचं मत: बंधनं नसती, तर धंदा झाला असता. मला पटत नाही. बंधनं नसती, तर त्यांनी टीव्हीच दाखवला असता. फेअरफॅक्सला हवामान दाखवायची हौस नव्हती, त्यांना वाहिनी हवी होती. म्हणजे बोली लावणाऱ्यांची नजर पहिल्यापासून चित्रावर होती, आणि चित्र काढून घेतल्यावर उरलं त्याला कुणी बोली लावली नाही. अहवालात दोन्ही मतं जातील. माझं आधी.

९ फेब्रुवारी

जपान आणि कोरिया, थोडक्यात.

जपानमध्ये रिमोटवर ‘डी’ बटण असतं. दाबलं की हवामान, बातम्या, कार्यक्रमातली मतं. लोक वापरतात. पण ती विक्रीची वस्तू नाही, कार्यक्रमाचीच शेपटी आहे, आणि खर्च परवाना शुल्कातून किंवा जाहिरातीतून निघतो. डोकोमो या मोबाइल कंपनीच्या नॉटटीव्हीने एप्रिल २०१२ मध्ये फोनवरच्या प्रक्षेपणाचे महिना ४२० येन मागून पाहिले. रिसीव्हर डोकोमोच्याच फोनमध्ये बसवलेला. मग २०१३ मध्ये डोकोमोनेच आयफोन विकायला घेतला, आणि त्यात हा रिसीव्हर नव्हता. ३० जून २०१६ ला सेवा बंद.

कोरियात डिसेंबर २००५ पासून टी-डीएमबी, म्हणजे फोन आणि गाड्यांसाठीचं डिजिटल प्रक्षेपण. त्यावरून गाडीतल्या नकाशायंत्रांना रस्त्यावरच्या गर्दीची माहिती जायची. ग्राहक यंत्र विकत घ्यायचा, माहितीचे पैसे त्यातच धरलेले. दर महिन्याला बिल नाही. स्मार्टफोनचे नकाशे येईपर्यंत हे चाललं. आतापर्यंतच्या फायलींमध्ये ‘खाजगी ग्राहकाने डेटासाठी पैसे दिले’ असं मनापासून म्हणता येईल ते हेच एक.

चिप बनवणाऱ्या क्वालकॉमच्या मीडियाफ्लो या अमेरिकेतल्या मोबाइल टीव्ही सेवेची एकच ओळ: २०११ मध्ये बंद, आणि तिच्या लहरींचा पट्टा एटी अँड टीने १.९२५ अब्ज डॉलरला घेतला. मोल होतं ते त्या पट्ट्याला.

१३ फेब्रुवारी

पुतण्याने एक्सेल पाठवलं. महिना २० जीबी, ग्राहकी १९९ रुपये, पहिल्या वर्षी दोन लाख घरं. दोन लाख कुठून आले ते कुठेही लिहिलेलं नाही.

आम्ही उलट्या बाजूने मांडलं. २०१४ मध्ये मोबाइल डेटाचा दर जीबीला अडीचशे रुपयांच्या वर होता. जिओ आल्यानंतर तो घसरत घसरत आता दहा रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे आपले २० जीबी ग्राहकाला मोबाइलवरून फार तर २०० रुपयांना पडतील. आपल्या दराची कमाल मर्यादा हीच, १९९ त्याला चिकटूनच बसतो. एका प्रक्षेपकाची जागा, डेटा तयार करणं, माणसं मिळून महिन्याला २० लाख धरले (हा आमचा अंदाज, दरपत्रक नाही), तर खर्च निघायला दहा हजार घरं लागतात. इथवर ठीक.

पण हे २० जीबी प्रत्येकाला जसेच्या तसे हवे असतील, तरच. पाठवलेल्यातला दहावा भाग प्रत्येकाच्या उपयोगाचा असेल, तर ग्राहकाच्या लेखी किंमत २० रुपये, आणि दहा हजारांऐवजी एक लाख घरं. वर डब्याचा खर्च: १५०० रुपयांचा धरून तीन वर्षांवर पसरला, तरी महिन्याला ४२ रुपये. म्हणजे वीस रुपयांची वस्तू द्यायला बेचाळीस रुपयांचा डबा.

आणि ज्याच्याकडे रोजचा दीड जीबी फोनच्या पॅकमध्ये आधीच आहे, त्याला हे वीस रुपयेही दिसणार नाहीत.

मॅडमनी पुतण्याला फोन लावला. “अहो, तुमच्या घरात सगळे रोज एकच व्हिडिओ बघता का?” तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, “आयपीएल बघतो.” उत्तर चुकीचं नाही. पण तो टीव्ही झाला, डेटा नाही, आणि त्याचे हक्क घ्यायचे तर भाऊंच्या द्राक्षबागा विकाव्या लागतील.

२० फेब्रुवारी, पिंपळगाव बसवंत

भाऊंच्या पॅकहाउसमध्ये बैठक. हंगाम ऐन भरात. खोक्यांच्या आवाजात बोलणं झालं.

शेतमालाच्या भावांची कल्पना आमच्या यादीत होती. भाऊंनीच ती खोडली: “साहेब, लासलगावचा लिलाव सुटायच्या आत भाव व्हॉट्सॲपला येतो. त्याला मनोरा कशाला?”

यात एक जुना दाखला जोडतो. रॉयटर्सने २००७ मध्ये महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी एसएमएस सेवा सुरू केली होती, मराठीत भाव, हवामान आणि पीकसल्ला. फाफशांप आणि मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत तिची रीतसर चाचणी घेतली. शेतकऱ्याला मिळणाऱ्या सरासरी भावात लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही. भाव कळणं आणि भाव मिळणं यांच्यामध्ये आडत, वाहतूक, साठवण सगळं उभं असतं.

शिवाय राज्यातल्या सगळ्या बाजार समित्यांचे दिवसाचे भाव मजकूर म्हणून एका फोटोएवढ्या जागेत मावतात. ज्याचा रोज उपयोग होतो तो डेटा इवलासा, आणि जो मोठा आहे तो सगळ्यांना सारखा नको असतो. आमच्या यादीतल्या बहुतेक कल्पना या कात्रीत अडकतात. शाळांचा अभ्यासक्रम हा एक अपवाद: मोठाही आणि सगळ्यांना सारखाही. करोनाकाळात पेनसिल्व्हेनियात सार्वजनिक वाहिन्यांनी नेट नसलेल्या मुलांसाठी हेच केलं. पण आपल्याकडे स्वयंप्रभा आणि पीएम ई-विद्याच्या वाहिन्या उपग्रहावरून फुकट येतातच, आणि उरतो तो एकच गिऱ्हाईक, सरकार. सरकारी बिलाची वाट बघणं काय असतं, ते भाऊंना समजावावं लागलं नाही.

निघताना बागेत फवारणीचा ड्रोन दिसला. शेजारी तिपाईवर एक छोटा खांब. चालवणाऱ्या मुलाला विचारलं. तो त्याचा आरटीके बेस: स्वतःची जागा पक्की माहीत असलेलं केंद्र उपग्रहाच्या सिग्नलमधली चूक मोजतं आणि ड्रोनला कळवतं, म्हणून ड्रोन ओळीत सेंटिमीटरभर चुकत नाही. “मोबाइल नेटवर चालतं की, पण डोंगराकडेच्या बागांत नेट मरतं. मग हा खांब घेऊन हिंडायचं.” परतताना गाडीत मॅडम आणि मी दुसरं काही बोललोच नाही.

२७ फेब्रुवारी

दुरुस्ती-सिग्नलचा आठवडा, म्हणजे बेस ड्रोनला जी चूक कळवतो तिचा. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशाच, पण कायमस्वरूपी केंद्रांचं जाळं उभारलंय, दुरुस्ती मिळते ती मोबाइल इंटरनेटवरून. त्यात यंत्र आपली जागा आधी कळवतं आणि त्या जागेपुरती दुरुस्ती परत येते. प्रक्षेपणात हे शक्य नाही, परतीचा रस्ताच नाही. तोड अशी: आसपासच्या दहाएक केंद्रांचा कच्चा डेटा सगळाच सोडायचा, जवळचं केंद्र यंत्राने स्वतः निवडायचं. एका केंद्राला पाच किलोबिट धरले, तरी सगळं मिळून ५०. वीस मेगाबिटच्या वाहिनीत हे पाव टक्का.

माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट यंत्राची. सर्वेक्षणाचं चांगलं यंत्र लाखांत जातं, फवारणीचा ड्रोनही. त्यात टीव्हीचा ट्यूनर बसवणं हा किरकोळ खर्च, आणि घेणारा तो स्वतःच्या कामासाठी आनंदाने करेल. कोरियातल्या नकाशायंत्रांचीच ही गोष्ट. अमेरिकेतही नव्या एटीएससी ३.० वरून हाच डेटा विकायचा प्रयत्न बिटपाथ ही कंपनी करते आहे, म्हणजे कल्पना आमच्या एकट्यांची नाही.

विरुद्ध बाजूचंही लिहून ठेवतो. युरोपचे गॅलिलिओ उपग्रह जानेवारी २०२३ पासून सुधारित स्थान फुकट देतात, अचूकता वीसेक सेंटिमीटर. जपानची मिचिबिकी प्रणाली तर २०१८ पासून जपानच्या प्रदेशात सेंटिमीटरची अचूकता उपग्रहावरून फुकट देते. भारतावर असं काही आलं, तर आपलं दुकान त्या दिवशी बंद. आणि डोंगराकडे मोबाइलचे नवे मनोरे उभे राहतच आहेत.

५ मार्च

परवाना. इथे पाय अडकतो.

भारतात जमिनीवरून टीव्ही प्रक्षेपण करायची मुभा फक्त प्रसार भारतीला. खाजगी कंपन्यांना एफएम, डीटीएच, केबल, पण हे नाही. ट्रायने २०१६ मध्ये यावर सल्लामसलतीचा मसुदा काढला होता, पण दार आजही बंदच आहे. म्हणजे मनोरा आपला नाही, जागा भाड्याने घ्यायची. प्रसार भारतीला जागा विकता येते, डीडी फ्री डिशवरच्या वाहिन्यांचे ई-लिलाव नियमित होतात. पण तिथे विकली जाते अख्खी वाहिनी. पन्नास किलोबिट मागणारा गिऱ्हाईक त्यांच्या दाराशी कधी आला नसावा.

फोनचं काय? भाऊंची मूळ कल्पना तीच होती. आयआयटी कानपूर आणि बंगळुरूची सांख्य लॅब्स यांनी डायरेक्ट टू मोबाइलची चिप आणि चाचण्या पुढे नेल्यात, काम भक्कम आहे. पण गेल्या नोव्हेंबरात रॉयटर्सने बातमी दिली की सॅमसंग, क्वालकॉम आदींनी सरकारला विरोध कळवलाय, फोनचा खर्च सुमारे ३० डॉलरने वाढेल म्हणून. म्हणजे अडीच हजार रुपये. आकडा फुगवलेला असेलही, पण दूरसंचार कंपन्याही विरोधात असताना फोनमध्ये चिप येईल यावर भाऊंनी पैसा लावू नये. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबाद धरून १६ शहरांत डीव्हीबी-टी२ वरून मोबाइल टीव्ही सुरू केला होता. लक्ष्मी रोडच्या दुकानात त्याचा डोंगल मागितला, तर विक्रेत्याने मला वायफायचा दाखवला.

१२ मार्च

दर ठरवण्याचा खेळ. ड्रोनवाले, मोजणीवाले, रस्त्याचे ठेकेदार मिळून पाचशे यंत्रं आणि महिना ३००० रुपये धरले, तर १५ लाख. सोयीसाठी अख्ख्या वाहिनीचं भाडंच २० लाख धरून ते मोजलं तर तोटा. एक टक्का जागेचे वीस हजार मोजले तर झकास धंदा. सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं: प्रसार भारती तुकड्याने जागा देईल का?

मॅडमनी सुचवलं, उरलेल्या जागेत रात्री शाळांचा डेटा सोडू, भाडं वाटून जाईल. मी नको म्हटलं. दोन अर्धे धंदे जोडून एक पुरा होत नाही.

१९ मार्च

मसुदा पाठवला. शिफारस: घरोघरी ग्राहकीचा विचार सोडा. भावांची सेवा सोडा. शाळा निविदा निघाली तरच. दुरुस्ती-सिग्नलवर लहान चाचणीपुरताच खर्च करा, तोही जागेचा दर लेखी मिळाल्यावर. फोनमधल्या चिपची वाट बघत बसू नका, आली तर वरकमाई समजा.

२७ मार्च

धुळवडीनंतर बैठक. भाऊंनी मसुदा शेवटून वाचला, आधी खर्चाचं पान. पुतण्या दोन लाख घरांसाठी थोडा झगडला. भाऊ म्हणाले, “तुझ्या दोन लाखांतला एक माणूस माझ्यासमोर आणून उभा कर, मग बोलू. साहेबांचा ड्रोनवाला तरी मी बागेत बघितलाय.”

ठरलं ते असं. चाचणीसाठी दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेकडे प्रायोगिक परवान्याची चौकशी मी करायची. डोंगराकडच्या बागांत मोबाइल नेट नेमकं कुठे तुटतं, त्याची मोजणी पुतण्याने त्या ड्रोनवाल्या मुलाला सोबत घेऊन करायची, त्याची मजुरी भाऊ देणार. प्रसार भारतीला जागेचा दर विचारणारं पत्र मॅडम आणि मी मिळून लिहायचं.

पत्राचा कच्चा खर्डा तयार आहे. मागणी ५० किलोबिट अशी लिहायची की वाहिनीचा पाव टक्का अशी, यावर आमचं अजून एकमत नाही. टक्का लिहिला तर समोरचा अख्ख्या वाहिनीच्या भावावरून हिशेब करेल, आणि तो आपल्या फायद्याचा, असं मॅडमचं म्हणणं. मला वाटतं, टक्का वाचला की ते पत्र लिलावाच्या विभागाकडे सरकवतील. सोमवारी पाठवायचं आहे.